बाई बॅग घेऊन निघाल्या

"जाऊ नकोस गं बाई!" असं म्हणत शेजारच्या चौगुले काकूंनी माझ्या हातातली बॅग धरली आणि सगळा जोर लावून ओढली.

बॅगेत नऊ किलो गहू होता. काकूंना ते कुठून ठाऊक असणार? मी घाबरून मूठ सोडली आणि काकू बॅगेसकट खाली आल्या. सकाळी साडेसहाला, गल्लीच्या ऐन मधोमध, आपल्याच हातानं नुकत्याच काढलेल्या रांगोळीत.

"काकू, लागलं का?"

"माझं राहू दे. एवढं जड! दागिनेबी घेतलेस वाटतं सगळे."

"दागिने कुठले? गहू आहे."

काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "गहू घेऊन चाललीस? म्हणजे जिथं चाललीस तिथं खायचीबी सोय नाही?"

ह्या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. पण त्या शनिवारी काकूंना उठवताना मला पहिल्यांदा कळलं की मी घर सोडून चालले आहे. गल्लीला ते पाच आठवडे आधीपासून ठाऊक होतं.

आमचं गाव साखर कारखान्याचं, मिरजेपासून तासाभरावर. गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. आमची सातवी. मी नदीपलीकडच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. आमचे हे कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. त्यांचं नाव बाहुबली मगदूम. सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं ठेवलेलं, पण ह्यांनी आयुष्यात कुणाला आवाज चढवून 'बाजूला सरा' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

त्या वेळी मी एकोणपन्नास वर्षांची होते आणि दोन वर्षं माझी कंबर दुखत होती. नुसती दुखत नव्हती, घर चालवत होती म्हणा ना. ती म्हणेल तेव्हा मी उठायची, ती म्हणेल तेव्हा बसायची. पट्टा झाला, तेल झालं, वाळूच्या पुरचुंडीनं शेकून झालं, तीन महिने लाकडी फळीवर झोपून झालं. गल्लीतला प्रत्येक माणूस वेगळा उपाय सांगायचा, फक्त एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. काही म्हणजे काही उचलायचं नाही. सासूबाई तर माझ्या हातातला पाण्याचा तांब्यासुद्धा काढून घ्यायच्या. दोन वर्षांत मी कळशीला हात लावला नव्हता, आणि तरी सकाळी अंथरुणातून उठायचं म्हणजे कपाट ढकलल्यासारखं वाटायचं.

शेवटी मिरजेला एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडं गेले. डॉक्टर शर्वाणी देशिंगकर. माझ्या हाताखाली चौथी पास झाली असती तर शोभली असती, एवढीच. तिनं एक्स-रे बघितला, मला वाकवलं, वळवलं, चालवलं आणि म्हणाली, "मणके चांगले आहेत. मणक्यांना धरून ठेवणारे स्नायू झोपलेत."

"मग काय करायचं?"

"ओझं उचलायचं."

मला वाटलं, 'उचलायचं नाही' म्हणाली असेल. मी मान डोलावली. तिनं कोपऱ्यातलं एक वजन आणून माझ्या उजव्या हातात दिलं.

"एकाच हातात धरायचं. उजव्या हाताला ओझं असलं की डाव्या बाजूनं कंबरेला तुम्हाला सरळ धरून ठेवावं लागतं. तेच काम तिला द्यायचंय. ओझ्याकडं झुकायचं नाही, उलट बाजूला कलायचंही नाही. पोट घट्ट, खांदे खाली, नजर समोर. बोलायचं नाही, श्वासावर लक्ष. चाळीस पावलं चाला, मग हात बदला. उचलताना गुडघे वाकवा, पाठ वाकवू नका. पाच किलोपासून सुरू करा, आठवड्याला एक-एक वाढवा. कळ पायात उतरली तर लगेच थांबायचं आणि मला फोन करायचा."

घरी येऊन मी चालून बघितलं. आमच्या घरात अकरा पावलं होतात, बाराव्याला सासूबाईंचा पलंग लागतो. म्हणजे बाहेर जाणं आलं. पाच किलो गहू पिशवीत भरला तर पिशवीचे बंद बोटांत रुतायला लागले. मग माळ्यावरची जुनी तपकिरी बॅग काढली. तिची मूठ चांगली होती. घरी एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. ओझ्याचं सांगितलं असतं तर सासूबाईंनी मला उंबराच ओलांडू दिला नसता. ह्यांची पहिली पाळी, सहाला घरातून जायचे. ते गेले की मी निघायची.

मी माझ्या व्यायामात होते. पोट घट्ट, नजर समोर. गल्लीतले सातपुते मास्तर "काय बाई, सकाळी सकाळी?" म्हणायचे, मी उत्तर द्यायची नाही, श्वास मोडेल म्हणून. कोपऱ्यावर बॅग ठेवायची, हात झटकायची, दुसऱ्या हातात घ्यायची आणि मागं फिरायची. दुसऱ्या आठवड्यात रात्री कुशीवर वळता आलं. तिसऱ्या आठवड्यात वर्गातल्या फळ्यावर खालच्या ओळीपर्यंत लिहिलं. मला इतका आनंद झाला होता की आजूबाजूला बघायचं सुचलंच नाही.

गल्लीनं मात्र जे बघितलं ते असं: मगदूमबाई नवरा कामावर गेला की बॅग घेऊन घराबाहेर पडतात. तोंड करारी. कुणाशी बोलत नाहीत. कोपऱ्यापर्यंत ताठ जातात. तिथं गेल्यावर पाय अडखळतो. बॅग खाली ठेवून एसटी स्टँडच्या दिशेला बघत उभ्या राहतात. मग धीर होत नाही, परत फिरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि दर आठवड्याला बॅग जड होत चाललीय.

"काकू, अहो व्यायाम आहे हा. कंबरेसाठी," मी त्यांच्या साडीवरची रांगोळी झटकत म्हणाले.

"ओझं उचलून कंबर दुखती गं. राहत नाही. मला काय शेंबडं पोर समजलीस?" काकूंनी माझा हात घट्ट धरला. "खरं सांग, माझ्यामुळं नाही ना चाललीस? तुझा कढीपत्ता मीच मारला. फांद्या आमच्या भिंतीवर येत होत्या. रोज भाताची गरम पेज ओतत होते मुळाशी. महिनाभर."

चार वर्षं मी त्या कढीपत्त्याला कीड लागली म्हणून हळहळत होते. मी बॅग उचलली आणि चाळीस पावलं मोजत घरी आले.

दुपारी शाळेतून परत येते तर सासूबाई पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. चौगुले काकू येऊन गेल्या होत्या, हे उघडच होतं.

"आई, जेवलात का?"

"मला सगळं समजलंय," त्या भिंतीला म्हणाल्या. "तू कशासाठी चाललीस ते. भडंग."

"भडंग?"

"उंदीर नाही खात. मीच खाते. दिवस मावळल्यावर."

आता हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. आम्ही जैन. सासूबाई गेली तीस वर्षं सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. त्यांचं व्रत साऱ्या समाजात नावाजलेलं. आणि डब्यातलं भडंग रोज दोन मुठींनी कमी व्हायचं म्हणून मी तीन महिने सापळे लावत होते, एकदा माझंच बोट त्यात सापडलं होतं.

"तुझं बोट सुजलं तेव्हाच बोलणार होते," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, महाराजांच्या कानावर जाईल."

"आई, मी कुठंही चालले नाही. हा व्यायाम आहे."

"व्हय, व्हय. सगळ्याच असं म्हणतात."

संध्याकाळी हे बाहेरून आले. हातपाय धुतले, जेवायला बसले. दोन घास खाल्ले आणि ताटाकडं बघत म्हणाले, "आमटी चांगली झालीय." सत्तावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर आपलं ताट त्यांनी आपण उचलून मोरीत नेऊन ठेवलं. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

रविवारी सकाळी मी अजून चहा गाळतेय तोवर दारात टेम्पो थांबला. माझा धाकटा भाऊ विद्यासागर, इचलकरंजीला त्याचा कापड वाहतुकीचा धंदा. शर्टाची बटणं वर-खाली लागलेली. गल्लीतून कुणीतरी रात्रीच फोन केला असणार.

"ताई, सामान कुठाय?"

"कसलं सामान?"

"जेवढं असेल तेवढं घे. वरची खोली रिकामी केलीय. सुलूशी बोललोय मी, ती काही म्हणणार नाही. निदान पहिला महिना तरी नाही." सुलू म्हणजे त्याची बायको.

त्याच्यामागं काकू, सातपुते मास्तर आणि आणखी आठ-दहा माणसं कट्ट्याशी येऊन उभी राहिली. सासूबाई आतून पदर सावरत आल्या. हे खुर्चीवर बसलेले होते, ते उठले आणि परत बसले.

मी म्हटलं, आता सोक्षमोक्ष लावावा. फोन काढला, डॉक्टरीणबाईंना लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. रविवारची झोपलेली होती बिचारी.

"डॉक्टर, मी मगदूम बोलतेय. तुम्ही मला काय सांगितलंय ते जरा ह्या लोकांना सांगा."

"कुणाला? अं, हो. बॅग उचलून चालायचं. चालताय ना रोज? अजिबात थांबू नका बरं का. घरचे काही म्हणाले तरी थांबू नका. ह्या आठवड्यात आणखी एक किलो भरा."

फोन ठेवला.

"डॉक्टरचीबी फूस आहे," काकू हळूच म्हणाल्या.

मग मी बॅग आणून सगळ्यांच्या समोर उघडली. आत कापडी पिशव्यांत बांधलेला गहू. दुसरं काही नाही, एक रुमालसुद्धा नाही. विद्यासागर बघत राहिला. सातपुते मास्तरांनी पुढं होऊन दोन दाणे दातांखाली टाकले आणि म्हणाले, "लोकवन आहे."

मी बॅग बंद केली. आता तरी हसतील, असं मला वाटलं. तेवढ्यात हे खुर्चीवरून उठले. तोंड पांढरंफटक पडलेलं.

"कशाला लपवतेस," ते म्हणाले. "मला ठाऊक आहे तू का चाललीस. तुला सायकलचं कळलंय."

"कुठल्या सायकलचं?"

"हिरव्या."

हिरवी सायकल. लग्नानंतर सहा वर्षं मी ती चालवत शाळेला जात होते. माझ्या पहिल्या पगारांतून घेतलेली, लेडीज, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगानं मी स्वतः 'त्रि' काढलेला. त्रिशलाचा, म्हणजे माझा. पूल ओलांडताना वारा असा अंगावर यायचा की वाटायचं ह्या नदीवर आपलीच मालकी आहे. एका सोमवारी ती दारातून चोरीला गेली. एकवीस वर्षं झाली होती त्याला तेव्हा. त्यानंतर मी बसनं जायला लागले.

"चोरीला नव्हती गेली," हे म्हणाले. "मी विकली. बाजारात."

कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं.

"का?"

"काट्यावर सगळे हसायचे. मला सायकल येत नाही, आणि तू पुलावरून भन्नाट जायचीस. गाडीवान म्हणायचे, मगदूम, बायकोच्या मागं कॅरिअरवर बसता का? रोज म्हणायचे. मग तुझ्याशी बोलायला धीर झाला नाही, म्हणून..." ते थांबले. "त्याच पैशांतून तुला ती मोरपंखी साडी आणली."

ती साडी मी जीव लावून नेसले होते. सायकल गेल्याचं दुःख विसरावं म्हणून नवऱ्यानं आणली, असं शाळेत सगळ्यांना सांगत फिरले होते. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात साडी नव्हती, आणि खरं सांगायचं तर सायकलही नव्हती.

डोक्यात मारुती कोरवी होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं पंक्चरचं खोकं होतं. माणूस बोलका. सायकल जायच्या आदल्या दिवशी हवा भरताना तो म्हणाला होता, "बाई, कधी विकायची झाली तर मला सांगा, बायकोला घेतो." दुसऱ्या दिवशी सायकल गायब. शिपाई आमच्या दारात आला, सगळी गल्ली जमली, त्यानं विचारलं, कुणावर संशय? आणि मी म्हणाले, "कोपऱ्यावरचा मारुती काल सायकलची चौकशी करत होता."

एवढंच म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण तो जातीनं कोरवी, इंग्रजांच्या काळापासून चोर ठरवलेली जात, त्यामुळं पुढचं कुणी विचारलंच नाही. दोन दिवस त्याला चौकीत ठेवलं. सुटून आला तेव्हा नीट चालता येत नव्हतं. पुढं गल्लीतलं कुणी त्याच्याकडं हवा भरायला जाईना, आणि महिन्याभरात त्यानं खोकं उचलून रेल्वे लायनीच्या पलीकडं नेलं.

"तुम्ही बघत होतात," मी ह्यांना म्हणाले. "त्याला नेला तेव्हा तुम्ही ह्याच दारात उभे होतात."

मी पायात चपला सरकवल्या आणि निघाले. पाच आठवड्यांची सवय, जाताना हातानं बॅग आपोआप उचलली गेली. ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

"गेली!" मागून काकूंचा आवाज आला. "आज खरोखर गेली!"

कोपरा आला. मी थांबले नाही. मागं पावलं वाजत होती म्हणून वळून बघितलं तर हे येत होते, त्यांच्यामागं मास्तर, त्यांच्यामागं एका पायानं लंगडत काकू, आणि निम्मी गल्ली. सगळ्यांच्या मागं विद्यासागरचा टेम्पो, माणसाच्या चालीनं, अंत्ययात्रेतल्या गाडीसारखा. स्टँड आला तेव्हा सगळे आपोआप आत वळले. मी सरळ पुढं गेले. मग पुन्हा सगळ्यांची धावपळ. रेल्वेचं फाटक बंद होतं, तिथं मला थांबावं लागलं. मालगाडी जाईपर्यंत आम्ही सगळे एकमेकांकडं न बघता उभे होतो. मी हात बदलला.

मारुतीचं आता पत्र्याचं चांगलं दुकान झालं होतं. केस पांढरे, नाकावर चष्मा. एका चाकाची तार ताणत बसला होता. त्यानं आधी मला बघितलं, मग मागचा जथा बघितला आणि तार सोडून उभा राहिला. एवढी माणसं एकदम आपल्याकडं येताना त्यानं पूर्वी एकदा बघितली होती.

"मारुतीभाऊ, ओळखलंत का?"

"तुमाला कसं इसरीन, बाई."

"माझी सायकल चोरीला गेलीच नव्हती."

"ठावं हाय," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"हिरवी. मागं 'त्रि' लिवलेलं. दीड वर्सानं माझ्याकडंच आली पंक्चरला. नदीकाठचा एक गडी घिऊन आलता. कुणाकडनं घेतली म्हनून इचारलं, तर खिशातनं चिठ्ठी काढून दावली. काट्यावरच्या कारकुनाकडनं घेतली, म्हनला. खाली सायबांची सही." त्यानं ह्यांच्याकडं बोट केलं नाही, नुसती मान वळवली.

"मग बोलला का नाहीत?"

"कुनाला?"

तो काही रागानं विचारत नव्हता. खरोखरच कुणाला, असं विचारत होता.

"दोन दिस बोललोच की चौकीत," तो म्हणाला. "घसा बसला बोलून. मग म्हटलं, आता ऱ्हाऊ द्या. बारा वर्सं त्या सायकलीची पंक्चरं मीच काढली. चांगली सायकल हुती, बाई. निगा राखली मी तिची."

हे पुढं आले. दोन्ही हात जोडलेले. "मारुती, माझं चुकलं."

"सायेब, हितं नगो," मारुती पटकन म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "बाई, तुमी माजं नाव कुठं घेतलं हुतं?"

"माझ्या दारात."

"कोन कोन हुतं?"

"सगळी गल्ली."

"मग तितंच सांगा." त्यानं मागच्या माणसांवरून एकदा नजर फिरवली. "हे निम्मेच दिसत्यात."

विद्यासागरला अजूनही कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, पण टेम्पो मात्र कामाला आला. मारुतीनं दुकानाला कडी घातली आणि पुढं बसला. आम्ही बाकीचे मागं, कापडाच्या गाठोड्यांवर. काकूंना चढवायला तिघं लागले. गल्लीत टेम्पो शिरला तेव्हा जी निम्मी गल्ली घरात राहिली होती ती धावत बाहेर आली. त्यांना वाटलं, मला समजावून परत आणलं. दोघी-तिघींनी टाळ्याही वाजवल्या.

मी आमच्या पायरीवर उभी राहिले. आधी मीच बोलणं भाग होतं.

"शिपायानं विचारलं तेव्हा मारुतीचं नाव मी घेतलं," मी म्हणाले. "मी काही बघितलेलं नव्हतं. तो कोरवी आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेवढ्यावर घेतलं."

मग हे पायरीवर आले. "सायकल मी विकली होती," असं काहीसं पुटपुटले.

"मोठ्यानं बोला," मास्तर मागून ओरडले. "इकडं ऐकू येत नाही."

"सायकल मी विकली होती."

"आणखी मोठ्यानं!"

"सायकल मी विकली होती!" ह्यांचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. सासूबाई दचकल्या. मीही दचकले. असा आवाज ह्या माणसात होता, हे मला तेव्हा कळलं. "मारुतीनं काही केलं नव्हतं! मी गप्प बसलो!"

मारुती आमच्या कट्ट्यावर बसला होता, मांडीवर हात ठेवून.

मग सातपुते मास्तरांनी घसा खाकरला. "म्हणजे मग... आमची पाण्याची मोटर?"

"कवा गेली?" मारुतीनं विचारलं.

"सत्त्याण्णव साली."

"मास्तर, नव्वदला गल्ली सोडली मी."

"हो, ते आहे म्हणा." मास्तर विचारात पडले. "पण आमच्या घरात सगळे तुझंच नाव घेतात."

आणि मग बांध फुटला. वरच्या घरातल्या बाईंनी पितळेचा नळ विचारला. कुणी बस्तीच्या देवळाबाहेरून गेलेल्या नव्या चपला विचारल्या, कुणी गॅसची टाकी, कुणी पिंजऱ्यासकट गेलेला पोपट. एकवीस वर्षांत सातव्या गल्लीत जे जे हरवलं होतं ते सगळं ह्या एका माणसाच्या नावावर होतं, आणि त्याला त्याची खबरही नव्हती. तो शांतपणे एकेकाला उत्तर देत होता. "न्हाई. त्येबी न्हाई. पोपट? न्हवं, आमच्याकडं पोपट न्हवता कवा." मध्येच विद्यासागर माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "ताई, म्हणजे तू येतेयस की नाही?" मी त्याला चहाची भांडी धरायला लावली.

सगळ्यात शेवटी चौगुले काकू पुढं आल्या. आदल्या दिवशीच्या पडण्यानं अजून लंगडत होत्या.

"आमची चांदीची वाटी," त्या म्हणाल्या. "नातवाच्या बारशाला हरवली, तुझं खोकं इथं होतं तेव्हा. बाहेर तू मंडपाला दिवे लावायला आला होतास."

मारुतीनं चहाचा कप खाली ठेवला.

"ती मी नेली, काकू."

सगळी गल्ली दोन पावलं पुढं सरकली.

"एवढी एक ऱ्हाऊ द्या माझ्या नावावर," तो म्हणाला. "समदंच माघारी दिलं तर तुमाला चैन पडंल का?"

तो हसला, पण दुसरं कुणी हसलं नाही. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"नको रे बाबा," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज इतका बारीक की पुढच्या दोघा-तिघांनाच ऐकू गेला. "वाटी माझ्या थोरल्या जावेनं नेली. मी डोळ्यांनी बघितलं होतं."

त्यानंतर मारुतीला कुणी काही विचारलं नाही.